चौदा ओळींचं अकरा पानी पत्र

प्राचार्यबाईंना राग आला तो एका सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता. तसा त्यांना राग रोजच यायचा. अठ्ठावीस वर्षं विधी महाविद्यालयात पुराव्याचा कायदा शिकवलेल्या बाईला रोज राग येणं हे तिची प्रकृती ठणठणीत असल्याचं लक्षण मानलं जायचं. एखाद्या दिवशी त्या शांत दिसल्या तर शिपाई दबक्या आवाजात विचारायचा, "मॅडमना बरं नाही का?" पण हा राग रोजच्यातला नव्हता. हा मुक्कामाला आलेला होता.

निमित्त झालं एका पाकिटाचं. विधी शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेची माणसं दोन महिन्यांपूर्वी महाविद्यालय तपासून गेली होती. त्यांनी आता कळवलं होतं की शिक्षकांची दोन पदं तीन वर्षं रिकामी आहेत, ग्रंथालयाचं छत गळतं म्हणून त्याचा वरचा मजला बंद ठेवावा लागला आहे, आणि या दोन गोष्टी मार्गी लागेपर्यंत पहिल्या वर्षाचे नवे प्रवेश थांबवण्यात येत आहेत. सध्याच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा आणि पदवी यांना मात्र धक्का नाही, असं शेवटी स्पष्ट लिहिलं होतं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. खोटं असतं तर बरं झालं असतं, कारण मग परिषदेवर ओरडता आलं असतं.

बारा वाजेपर्यंत बातमी बाहेर गेली. पाकीट बाईंच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली बाईंच्या पर्समध्ये, आणि बातमी मात्र विद्यार्थ्यांच्या फोनवर. तीसुद्धा सुधारून वाढवून. महाविद्यालय बंद होणार. झालंच आहे. पदव्या रद्द. गेल्या पाच वर्षांत वकील झालेल्यांचे कोट काढून घेणार. दुपारी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. आवाज कापरा होता. "मॅडम, फक्त एवढंच सांगा. माझ्या मुलीची तीन वर्षं पाण्यात गेली का?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळेच सांगतायत. तुम्हीच तेवढं काही सांगत नाही."

हे बाईंना झोंबलं. त्यांनी फोन ठेवला, दार लावलं आणि हातानं पत्र लिहायला बसल्या. विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थी यांना. काय झालं, त्याचा तुमच्यावर काय परिणाम होईल, आम्ही काय करतो आहोत. चाळीस मिनिटांत चौदा ओळी झाल्या. वाचून बघितल्या, बऱ्या वाटल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना धाडून टाकू आणि मोकळं होऊ, असा त्यांचा हिशेब होता. अठ्ठावीस वर्षं वकील घडवणाऱ्या माणसानं असा हिशेब करावा, याचं आश्चर्य वाटतं. कारण एका इमारतीत तेवीस वकील असताना तिथून चौदा ओळी चौदाच ओळी म्हणून बाहेर पडतील, ही आशा भाबडीच म्हणायची.

पहिल्यांदा पत्र गेलं उपप्राचार्यांकडे. हे करारांचा कायदा शिकवत. घरी चहा मागतानाही ते ‘उपलब्धतेच्या अधीन राहून’ म्हणतात, असं त्यांची बायको सांगायची. त्यांनी चष्मा वर ढकलला, लाल पेन काढलं आणि पहिल्याच शब्दावर थांबले.

"मॅडम, ‘तुम्ही’ म्हणजे कोण?"

"विद्यार्थी."

"कुठले? आजी की माजी? नाव काढून गेलेले? नापास होऊन घरी बसलेले?"

"अहो सर, ज्यांना पत्र जाईल ते!"

"तेच तर. पत्र चुकून तिसऱ्यालाच गेलं तर तोही ‘तुम्ही’ ठरेल. मग त्याच्या पदवीला धक्का न लावण्याची जबाबदारी आपल्यावर."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दरवाजात दोन शिक्षक उभे होते आणि त्यांनी माना डोलावल्या, म्हणून त्या गप्प बसल्या. संध्याकाळी उपप्राचार्यांनी पत्र परत केलं तेव्हा ते चार पानांचं झालं होतं. पहिली दोन पानं नुसत्या व्याख्या. ‘विद्यार्थी या संज्ञेत विद्यार्थिनीचा अंतर्भाव होईल.’ ‘छत म्हणजे वरच्या मजल्याच्या वरची बाजू, मग ती सुस्थितीत असो वा नसो.’

मंगळवारी फौजदारी कायदा शिकवणारे सर स्वतःहून आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण लाल पेन चाललं की त्याचा वास त्यांना दोन मजले वर येतो. पत्र वाचून त्यांनी दार लोटून घेतलं आणि आरोपीला भेटायला आल्यासारखा आवाज खाली आणला.

"मॅडम, हा कबुलीजबाब आहे."

"मग? खरंच आहे ना सगळं?"

"खरं असणं वेगळं, कबूल असणं वेगळं. ‘गळती’ काढा. ‘कथित गळती’ म्हणा."

"कथित? ग्रंथालयात तीन बादल्या ठेवल्यात, सर!"

"बादल्या हा परिस्थितीजन्य पुरावा झाला. छत गळताना प्रत्यक्ष पाहिलंय कोणी?"

"मी पाहिलंय! माझ्या डोक्यावर गळलंय!"

"मग तुम्ही साक्षीदार झालात. साक्षीदारानं पत्र लिहू नये."

पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या बाईला, तिच्याच खोलीत, पुराव्याचा कायदा ऐकवला जात होता. बाईंनी टेबलावरचा कागददाब असा काही घट्ट धरला की सर दोन पावलं मागे सरकले. तरीही ‘कथित’ आत गेलं. नुसतं एकदा नाही, नऊ वेळा. ‘कथित’ बसवायला वाक्यं फोडावी लागली आणि पत्र सहा पानांवर पोहोचलं.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या जिना पायांनी न चढता टाचांनी बडवत. दुसऱ्या मजल्यावर शेजारचे काका उभे होते. काका निवृत्त वृत्तनिवेदक. तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचून त्यांचा आवाज असा झाला होता की दूधवाल्याला ‘अर्धा लिटर जास्त’ सांगितलं तरी देशात काहीतरी घडल्यासारखं वाटायचं.

"वहिनी, चेहरा का उतरलाय?"

उतरला नव्हता, चढला होता. पण बाईंनी थोडक्यात सांगितलं. काकांनी कागद जवळजवळ हिसकावूनच घेतले.

"चूक इथेच आहे. वाईट बातमी पहिली घ्यायचीच नाही. आधी काहीतरी भव्य. मग हळूच ही. आणि तिच्यामागे लगेच हवामान. लोक हवामानाशी आले की मागचं विसरतात."

"काका, महाविद्यालयाच्या पत्रात मी हवामान कुठून आणू?"

"छत गळतंय ना? तोच दुवा!" असं म्हणून काकांनी तिथेच, जिन्यात, पत्र मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. आवाज इतका गंभीर लागला की ‘ग्रंथालयाचा वरचा मजला’ या शब्दांपाशी वरून एक दार उघडलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू डोळ्यांना पदर लावत खाली आल्या.

"कोण गेलं हो?"

बाईंनी कागद ओढून घेतले आणि घरात शिरल्या. त्यांच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. ते नुकतेच येऊन पाय धूत होते. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "अगं, बाटलीवर किती जागा असते? त्यात औषध कशावर, किती आणि कधी, एवढंच मावतं. आजवर कोणी येऊन म्हणालं नाही की व्याख्या कुठे आहेत."

"तुमचं बरं आहे. तुमच्या बाटलीला उपप्राचार्य नाही!"

"तूच प्राचार्य आहेस ना पण?"

यावर बाईंनी ताट असं काही आपटलं की नवऱ्यानं जेवण होईस्तोवर तोंड फक्त घासासाठी उघडलं.

बुधवारी अध्यक्षांकडे जावं लागलं. महाविद्यालय ज्या संस्थेचं, तिचे हे अध्यक्ष. मूळचा धंदा नळांचा. त्यांच्या कचेरीत भिंतभर चकचकीत नळ लावलेले होते आणि एकातूनही थेंब पडत नव्हता. त्यांच्याच संस्थेचं ग्रंथालय तीन बादल्यांवर चाललं होतं, ही गोष्ट बाईंना त्या भिंतीकडे बघताना फार टोचली. अध्यक्षांनी पत्र चाळलं. वाचलं नाही, चाळलं.

"बाई, ‘बंद’ हा शब्द मला आवडत नाही. ‘रिक्त’ पण नको. रिक्त म्हटलं की कसं ओकंबोकं वाटतं. आणि ‘थांबवले’ काय? आपण कधी थांबतो का?"

"साहेब, परिषदेनं थांबवलेत."

"तर असं लिहा. ग्रंथालयाचा वरचा मजला नूतन स्वरूपाच्या वाटेवर आहे. दोन पदं प्रतीक्षेत आहेत. आणि प्रवेशांबाबत आपण एका नव्या वळणावर उभे आहोत."

"साहेब, त्यापेक्षा पदांची जाहिरातच देऊन टाका ना. जाहिरातीच्या मसुद्यावर तुमची सही राहिलीय. तीन वर्षं."

अध्यक्ष हसले. हसत हसत त्यांनी टेबलावरचा एक नमुन्याचा नळ उघडला आणि मिटला. "बघू ना. सगळं जुळून यावं लागतं. अहो, पुढच्या महिन्याच्या बैठकीत तुमच्या मुदतवाढीचा विषय आहे, नाही का? छान. छान."

इतकंच बोलले ते. आवाजही चढवला नाही. बाई त्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. जिन्यात थांबून त्यांनी मनातल्या मनात अध्यक्षांना अशी अशी उत्तरं दिली की कोणी ऐकली असती तर लिहून घेतली असती. पण ती जिन्यात दिली, वर नाही. शनिवारी पत्र अध्यक्षांकडून परत आलं. मथळा, ‘प्रगतीच्या नव्या पायरीवर’. वर अध्यक्षांचा फोटो, मागे अध्यक्षांचा संदेश, आणि एकूण पानं अकरा. अकराव्या पानाच्या तळाशी प्राचार्यांच्या सहीसाठी ठिपक्यांची ओळ होती. बाईंनी सही केली. पेन कागदात रुतलं, पण केली.

आता फक्त पाठवायचं होतं. फक्त! कचेरीत जावकताई बसत. खरं तर त्या हेडक्लार्क, पण बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर त्यांच्या वहीतला जावक क्रमांक पडल्याशिवाय तो दारही ओलांडत नसे, म्हणून हे नाव.

"मॅडम, हे कशात घालू? परिपत्रक, सूचना की खुलासा?"

"पत्र आहे ते ताई. साधं पत्र."

"वहीत साधं पत्र असा रकाना नाही. परिपत्रक असेल तर त्याला आधीच्या परिपत्रकाचा संदर्भ लागतो."

"आधीचं कुठलं?"

"वाहनतळावर सायकली कुठे लावाव्यात, ते."

म्हणून अखेर त्या ऐतिहासिक पत्राच्या माथ्यावर ‘संदर्भ: सायकली’ असं छापलं गेलं. मग संगणक म्हणाला की फोटोमुळे पत्र फार जड झालंय, जाणार नाही. फोटो काढून टाकायला अध्यक्षांची परवानगी हवी, आणि अध्यक्ष नळांच्या प्रदर्शनाला परगावी. शेवटी फोटो लहान करत करत इतका लहान केला की अध्यक्षांच्या जागी कागदावर माशी बसल्यासारखं दिसायला लागलं. दोन पालकांनी ती फुंकून उडवायचा प्रयत्न केला म्हणतात.

सोमवारी दुपारी पत्र गेलं एकदाचं. आणि दहा मिनिटांत कळलं की ते जरा जास्तच गेलं. जावकताईंनी ‘सर्व’ या नावाची यादी निवडली होती. त्या सर्वांमध्ये विद्यार्थी होते, पालक होते, माजी विद्यार्थी होते, आणि आजवर ज्यांना प्रवेश नाकारला होता असे चारशे अर्जदारही होते. त्यांतल्या एकाचा लगेच फोन आला.

"नऊ वर्षांपूर्वी तुम्ही मला दारातून परत पाठवलंत. आज लिहिताय, ‘आपल्या परिवारातील प्रिय सदस्य’. मला एवढंच विचारायचंय, की तुमचा विचार बदलला म्हणून बंद पडताय, का बंद पडताय म्हणून विचार बदलला?"

बाईंनी फोन ठेवला. उपप्राचार्य तेवढ्यात दारात येऊन म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, तिसऱ्यालाच गेलं तर." बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते आलेल्या पावली, उपलब्धतेच्या अधीन न राहता, निघून गेले.

इथपर्यंतचं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण पत्र ज्यांच्यासाठी होतं ती मुलं कायद्याची होती. अकरा पानं लिहून ज्या माणसानं काहीच सांगितलेलं नाही, तो काहीतरी फार मोठं लपवतोय, हे कळण्याइतपत शिक्षण त्याच महाविद्यालयानं त्यांना दिलं होतं. मंगळवारी सूचनाफलकावर अर्थ लागायला लागले. ‘नवं वळण’ म्हणजे इमारत विकणार. ‘कथित गळती’ म्हणजे गळती नाहीच, मजला कोणाला तरी द्यायचा म्हणून रिकामा केलाय. बुधवारी संध्याकाळी जावकताई बाईंच्या खोलीत आल्या आणि या वेळी त्यांनी रकान्याचं काही विचारलं नाही.

"मॅडम, दाखले काढून घ्यायला सतरा अर्ज आलेत."

बाईंनी अर्ज चाळले. तिसरा अर्ज त्या मुलीचा होता जिच्या वडिलांनी पहिल्या दिवशी फोन केला होता. कारण या रकान्यात लिहिलं होतं, ‘विश्वास नाही’.

गुरुवारी दुपारी शिपायानं येऊन सांगितलं की अंतिम वर्षाची मुलं अभिरूप न्यायालयाच्या दालनात जमलीत आणि तिथे मॅडमच्या पत्रावर खटला चाललाय. हे दालन मुलांनी खोटे खटले लढवून शिकावं म्हणून बांधलेलं. न्यायाधीशांचं उंच टेबल, साक्षीदाराचा कठडा, सगळं खऱ्यासारखं. बाई अशा उठल्या की खुर्ची मागे पडली. शिपायानं ती उचलेपर्यंत बाई पोहोचल्याही होत्या.

दालन खच्चून भरलं होतं. वर काळे झगे घातलेले तीन विद्यार्थी न्यायाधीश म्हणून बसले होते. खाली दोन बाजू होत्या. एका बाजूचं म्हणणं महाविद्यालय बंद होणार आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं ते केव्हाच बंद झालंय.

"काय तमाशा चाललाय हा?" बाई दारातूनच कडाडल्या. "तुम्हाला लाज वाटत नाही? मला येऊन विचारता येत नव्हतं?"

तेवढ्यात पुढच्या बाकावरून एक मुलगी उठली. जाड भिंगांचा चष्मा, हातात अकरा पानं, प्रत्येक पानावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. तिला सगळे चष्मीश म्हणत. आवाज घाबरलेला होता, पण ती बसली नाही.

"मॅडम, विचारायचंच आहे. साक्षीदार म्हणून येता का?"

मागे कोणीतरी हसलं. त्या हसण्यानं बाईंचा तोल गेला आणि त्या रागाच्या भरात तरातरा जाऊन कठड्यात उभ्या राहिल्या. "विचार. काय विचारायचंय ते विचार!"

"या पत्रावर सही कोणाची आहे?"

"माझी."

"वाचून केलीत?"

बाईंनी तोंड उघडलं. उपप्राचार्य, फौजदारीवाले सर, जिन्यातले काका, अध्यक्ष, सगळे त्यांच्या जिभेवर येऊन उभे राहिले. पण विचारलं होतं त्यांच्या सहीबद्दल. "वाचून केली," त्या म्हणाल्या.

"पान पाच. ‘दोन पदं प्रतीक्षेत आहेत.’ कोण कोणाची प्रतीक्षा करतंय?"

"पदं रिकामी आहेत. तीन वर्षं."

"पान सात. ‘नूतन स्वरूपाच्या वाटेवर.’"

"छत गळतंय. मजला बंद आहे."

"कथित गळतंय?"

"नाही. गळतंय."

"प्रवेशांचं नवं वळण?"

"पुढचे पहिल्या वर्षाचे प्रवेश परिषदेनं थांबवलेत. या दोन गोष्टी झाल्या की पुन्हा सुरू होतील. तुमच्या परीक्षा आणि पदवी यांना धक्का नाही." बाईंनी कपाटातून काढून पर्समध्ये बाळगलेलं परिषदेचं पत्र बाहेर काढलं आणि ती ओळ शब्दशः वाचून दाखवली. दालनातून एक मोठा निःश्वास गेला. एका मुलीनं तिथेच रडायला सुरुवात केली.

चष्मीश थांबली नाही. "हे पत्र तुम्हाला कधी मिळालं?"

"गेल्या आठवड्यात. सोमवारी, सव्वादहाला."

"म्हणजे दहा दिवस. बरं, पदं भरण्यासाठी तुम्ही संस्थेला किती वेळा लिहिलंत?"

"सात वेळा."

"उत्तर?"

"आलं नाही."

"मग आठव्यांदा?"

"नाही लिहिलं."

"का?"

हा प्रश्न गैरलागू आहे, असं बाईंना म्हणता आलं असतं. नियम कुठला तेही त्यांना झोपेत पाठ होतं. वर बसलेला मुलगा न्यायाधीश त्या हरकत घेतील म्हणून त्यांच्याकडे बघतही होता. दहा दिवस आत खदखदलेला राग असा वर आला, चहूकडे फिरला, आणि त्याला धरण्यासाठी दुसरं कोणी सापडेना.

"भीती वाटली," बाई म्हणाल्या. "माझी मुदतवाढ त्यांच्या हातात आहे. म्हणून नाही लिहिलं. आणि म्हणूनच ही अकरा पानं."

कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एका मुलानं हात वर केला. सतरा अर्जांतला एक त्याचाही होता. "मॅडम, मग मी दाखला घेऊ की नको?"

"घ्यायचा असेल तर घे. मी आजच सही करते. राहिलास तर पदवी मिळेल, एवढं मी छातीठोकपणे सांगते. छत कधी होईल ते मला माहीत नाही. माहीत झालं की त्या दिवशी सांगेन. दहा दिवसांनी नाही."

रिवाजाप्रमाणे साक्ष लिहून घेतली गेली होती. दीड पान भरलं. बाईंनी ती वाचली, एक काना सुधारला आणि खाली सही केली. कोणीतरी तिचा फोटो काढला आणि तासाभरात ते दीड पान विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलं. जावक क्रमांक नाही, संदर्भ नाही. प्रवेश नाकारलेल्या चारशे जणांनाही ते मिळालं, आणि त्यांतल्या एकानं ‘आता कळलं’ एवढंच उत्तर पाठवलं.

शुक्रवारी अध्यक्षांचा फोन आला. त्यांचा एरवीचा मिठ्ठास आवाज गेला कुठे कोण जाणे. "बाई, तुम्ही संस्थेची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत! लेखी खुलासा द्या!"

"देते," बाई म्हणाल्या. "आजच देते."

त्यांनी लिहिलं. खुलासा आठ शब्दांचा होता: ‘विचारलं होतं, म्हणून सांगितलं. दोन पदांची जाहिरात द्यावी.’ आणि वर लिहिलं, ‘पत्र क्रमांक आठ’. उपप्राचार्य लाल पेन घेऊन आले होते. बाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि त्याच पेनानं सही केली.

पुढच्या आठवड्यात पालक अध्यक्षांच्या कचेरीत गेले. शंभर-सव्वाशे तरी होते. नळांच्या भिंतीसमोर दाटीवाटीनं उभे राहून त्यांनी फक्त एक गोष्ट विचारली, जाहिरात कधी? आणि उत्तर मिळेपर्यंत हलणार नाही म्हणाले. जाहिरात त्याच महिन्यात निघाली. एक पद भरलं, दुसरं अजून रिकामं आहे, म्हणजे या वेळी खरोखरच प्रतीक्षेत आहे. छतावर कारागीर चढलेत. सतरा अर्जांतले अकरा परत घेतले गेले. सहा मुलं गेली, त्यांत ती मुलगीही होती. बाईंनी तिच्या दाखल्यावर सही केली तेव्हा त्यांना काही बोलायचं होतं. पण तिचे वडील बाहेर रिक्षा थांबवून उभे होते. बाईंची मुदतवाढ अर्थातच नामंजूर झाली. वर्ष संपलं की त्या घरी बसणार. नवरा म्हणाला, "दुकानात बस. मात्र गिऱ्हाइकांची उलटतपासणी नको."

हे सगळं निवतंय असं वाटत असताना एका दुपारी चष्मीश बाईंच्या दारात उभी राहिली. हातात त्या दीड पानाची प्रत, आणि दुसऱ्या हातात कचेरीतून उतरवून घेतलेला एक कागद.

"मॅडम, तुमच्या साक्षीत विसंगती आहे."

"काय?"

"सात पत्रं म्हणालात. नोंदवहीत पाचच सापडली."

बाई एकदम उठल्या. "मी खोटं बोलले असं म्हणतेस तू? अगं, मी अठ्ठावीस वर्षं..." बोलता बोलता त्यांनी तावातावानं टेबलाचा खालचा खण ओढला, फायली उपसल्या, आणि तळाशी त्यांना दोन पाकिटं सापडली. व्यवस्थित बंद केलेली. पत्ता अध्यक्षांचा. पाठवायची म्हणून लिहिलेली, उद्या देऊ म्हणून ठेवलेली, आणि ठेवता ठेवता दिल्यासारखीच वाटायला लागलेली.

बाईंनी एक कोरा कागद घेतला. ‘साक्षीत दुरुस्ती: सात नव्हे, पाच. दोन लिहिली, पण पाठवली नाहीत.’ खाली सही केली आणि स्वतः जाऊन सूचनाफलकावर टाचली. चष्मीशनं चष्मा वर करून ती वाचली, तारीख तपासली आणि मान हलवून वर्गात निघून गेली. आभार नाही, माफी नाही.

त्या वर्षी अंतिम वर्षाच्या तोंडी परीक्षेत पुराव्याच्या कायद्याला बाईंनी तिला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले. एवढे गुण त्यांनी अठ्ठावीस वर्षांत कोणाला दिले नव्हते. आणि देताना एवढा संतापही त्यांना कधी आला नव्हता.